कागदावर सोडलेलं गाव

१२ ऑक्टोबर, बुधवार. लीड्स

विद्यापीठाच्या कचेरीत आज तिसरी चक्कर. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर निलंगा, जिल्हा उस्मानाबाद. पासपोर्टवर निलंगा, जिल्हा लातूर. कारकून बाईंना वाटतं, या दोन वेगळ्या मुली. नाव नोंदवेनात, म्हणून आठवडाभर प्रयोगशाळेत पाऊल टाकता आलेलं नाही.

"तुमचं कुटुंब लातूरला कधी गेलं?"

"गेलंच नाही. घर तिथंच आहे. आमच्याकडे जिल्हा नवीन झालाय."

"त्याला फॉर्मवर रकाना नाही," बाई म्हणाल्या. "कुटुंबाचं स्थलांतर असं लिहा, लगेच काम होईल."

चिडले, पण लिहिलं. सही केली, विद्यापीठाचं ओळखकार्ड मिळालं. मग बरं का वाटत नाही?

स्थलांतर! बहात्तरच्या दुष्काळात आमची अर्धी गल्ली पुण्याला गेली. माझे वडील, आप्पा, निलंग्याच्याच शाळेत मास्तर. मामा न्यायला आले, तेव्हा आप्पा म्हणाले, "अजून सात लेकरं शाळेत येतेत. त्यांना सोडून कुठं जाऊ?" राहिले. दोन कोसांवरून पाणी आणलं, पण शाळा बंद पडू दिली नाही.

आणि आज मी एका शब्दात त्यांना गावातून उठवलं. तेही एका कार्डासाठी.