ड्यूक ऑफ परदेशीपुरा

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.
आजपासून नवं आयुष्य. बिनसाखरेचा चहा, रोज चार किलोमीटर चालणं आणि चर्च.
उदयसिंहजींनी, म्हणजे आमच्या गेम स्टुडिओच्या मालकांनी, चर्च माझ्यावर सोपवलं. आमचा नवा गेम: मध्ययुगीन युरोप, राजे, सरदार, दोनशे वर्षांचा डाव. त्यात पोप, कार्डिनल, बिशप यांचं राजकारण कसं चालावं ते मी ठरवणार. याआधी मी लुडोचे तीन गेम केलेत. अनुभव कमी नाही.
१७ नोव्हेंबरला रिव्ह्यू. पटलं नाही तर चर्च कट. उदयसिंहजी म्हणाले, ये चर्च-वर्च कौन खेलेगा भिया. मी मनात म्हटलं, बघाच.
हे काम मला मिळावं म्हणून मुकुलने शब्द टाकला म्हणतात. टाकला असेल. हॉस्टेलपासूनचा मित्र आहे, तीन वर्षांपूर्वी मला नाशिकहून या कंपनीत त्यानेच आणलं. पण काम मिळालं ते माझ्या लायकीवर.

२९ ऑक्टोबर.
सुचलं! आंघोळ करताना. कन्फेशन. लोक पाद्र्याकडे जाऊन पापं सांगतात, म्हणजे अख्ख्या मुलखाची गुपितं बिशपच्या खिशात. पोपच्या निवडणुकीत ती वापरायची. जितकी गुपितं तितकी मतं.
अबोलीला सांगितलं (कोड तीच लिहिते). ती म्हणाली, पण पाद्र्याने ते कुणालाच सांगायचं नसतं, जीव गेला तरी. वाचून पाहिलं. खरं आहे, त्यांचा सगळ्यात कडक नियम.
नियम काढून टाकला. तो ठेवला तर बिशपला उद्योगच राहत नाही.

३ नोव्हेंबर.
आकडे अडलेत. माणूस गुपित किती वेळात सांगतो? कुठल्या गुपिताला किती वजन? पुस्तकांत नाही. स्वतः मोजायचं ठरवलं. रोज दुपारी चारला ऑफिसच्या जिन्यात चहा-कचोरी, माझ्याकडून. माणूस कचोरीसमोर मन मोकळं करतो. एक शीट बनवली: कोण, काय, किती वेळात, वजन दहापैकी.
शास्त्रीय पद्धत आहे. चालायला उद्यापासून.

४ नोव्हेंबर.
ऋषभ, आमचा आर्टिस्ट, राहणार गौतमपुरा. दीड कचोरीत बोलला. दिवाळीनंतर डेंगू म्हणून घेतलेली रजा खोटी. गावात हिंगोटच्या लढाईत उतरला होता (दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकतात), जळता हिंगोट दंडावर बसला. वजन ४.
अबोली तीन कचोऱ्या खाऊन काही न बोलता गेली. वजन ०.

६ नोव्हेंबर.
मुकुल आला. कचोरीला हात लावला नाही, आपणहून बोलला.
घरी नाना, म्हणजे त्याचे वडील. ब्याऐंशी वर्षं, मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडायचे. आता काही लक्षात राहत नाही. ताट समोर असलं तरी जेवायचं असतं हे आठवत नाही, कुणीतरी घास हातात द्यावा लागतो. एकदा गॅस चालू ठेवून गच्चीवर गेले. बघायला येणाऱ्या बाई एक वाजता जातात. म्हणून हा रोज एक ते तीन ऑफिसातून गायब, गाडीवर परदेशीपुऱ्याला घरी, जेवण भरवून परत. तोवर लॅपटॉपवर ऑनलाइनचा हिरवा दिवा चालू ठेवतो. हजेरीवरून आधीच दोनदा वॉर्निंग मिळालीय. तिसरीला घरी.
म्हणाला, समीर, कुणाला बोलू नकोस यार.
शब्द दिला. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
शीटमध्ये टाकलं. शीट म्हणजे काही "कुणी" नाही. वजन ९.

१० नोव्हेंबर.
अफवा: उदयसिंहजी एक माणूस कमी करणार. मला भीती नाही. चर्च माझ्याशिवाय कोण बघणार?
चालणं झालं नाही. गुडघा.

१२ नोव्हेंबर.
पहिली पूर्ण टेस्ट. शंभर वर्षं आपोआप चालवली. ऐंशीव्या वर्षापर्यंत बिशप लोक मस्त, गुपितांवर गुपितं. मग एकाएकी कुणी चर्चमध्ये येईना. राजे नाहीत, राण्या नाहीत, शेतकरीसुद्धा नाही. नकाशाभर रिकामी चर्चेस आणि आत एकेक बिशप बसलेला. स्क्रीन बंद केली. डोळ्यांवर ताण आला असावा.
बग म्हणून नोंदवलं. अबोलीने बंद केलं. शेरा: बग नाही, लोकांना कळलं आहे.
हल्लीच्या मुलांना उद्धट उत्तरं सुचतात फार.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
उद्या रिव्ह्यू. आकडे खरे आहेत हे सिद्ध करायचं तर शीट दाखवावी लागेल. अर्थात नावं काढली. गेमला शोभतील अशा पदव्या घातल्या. ऋषभ: बॅरन ऑफ गौतमपुरा. मुकुल: ड्यूक ऑफ परदेशीपुरा. आता कुणाच्या बापाला कळणार नाही.
प्रमोदिनीला कौतुकाने दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं. विचारलं, परदेशीपुऱ्यात तुमच्या ऑफिसातलं दुसरं कोण राहतं?
बायको कॉलेजात शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीत पेपर तपासायची सवय. म्हटलं, गेमर असा विचार करत नाही.
ती म्हणाली, मुकुलला विचार. म्हटलं, विचारतो. त्याचा फोन लागला नाही. (लावला असता तर उचलला नसताच.)

१७ नोव्हेंबर. दुपारी ३.
फत्ते!! उदयसिंहजी आधी मोबाइल बघत होते. शीट स्क्रीनवर आली आणि मोबाइल खाली ठेवला. सगळी शीट वाचली. बाकीचे सगळे आपापल्या वह्यांकडे बघत होते. लोक गुंग झाले होते.
मग त्यांनी हळूच विचारलं, ये परदेशीपुरा वाला ड्यूक बढ़िया है. गेम में राजा इसका क्या करेगा?
हा प्रश्न मला कधीपासून हवा होता. सांगितलं, राजा त्याची जहागीर काढून घेऊ शकतो. गुपित खरं असल्यामुळे बंड होत नाही. बाकीचे सरदार गप्प बसतात.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मालक स्वतः! आजवर माझं एकही वाक्य त्यांनी लिहून घेतलं नव्हतं.
मुकुल रिव्ह्यूला नव्हता. एक ते तीनची वेळ ठेवली होती ना. त्यामुळे त्याचा प्रश्नच आला नाही.

१८ नोव्हेंबर.
दाराला कार्ड मशीन लागली. बाहेर जाताना कार्ड, आत येताना कार्ड. अशी कामं एका दिवसात होत नाहीत, आधीपासून ठरलं असणार.
बॅरन ऑफ गौतमपुरा आज माझ्या टेबलावरून दोनदा गेला. दुसरीकडे बघत. दंड दुखत असेल.

२० नोव्हेंबर.
मुकुलला बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये वीस मिनिटं. तो बसला होता, उदयसिंहजी उभे. बाहेर आला, ड्रॉवरमधून डबा आणि चार्जर काढला, नानांच्या गोळ्यांची पट्टी काढली, पिशवीत भरलं. माझ्या दिशेने बघितलं. रागाने नाही. फोन कुठे ठेवला ते शोधताना बघतात तसं. मग गेला.
मी उठणारच होतो. पण हेडफोनची वायर खुर्चीत अडकली होती.

२१ नोव्हेंबर.
नीट विचार केला. दोन वॉर्निंग आधीच होत्या. मशीन लागणारच होती. लॅपटॉपच्या दिव्यामागे किती दिवस लपणार? माझा वाटा फार तर दहापैकी २.
खिडकीजवळची मुकुलची खुर्ची मला दिली. पाठीला बरी आहे.

२४ नोव्हेंबर. चार वाजता.
जिन्यात कुणी आलं नाही. सहा कचोऱ्या होत्या. पाच खाल्ल्या.

२५ नोव्हेंबर.
कुणी नाही. ॲसिडिटी. अबोलीला विचारलं सगळे कुठे आहेत. म्हणाली, सर, आम्ही खाली टपरीवर चहा घेतो. म्हटलं, मग मीही येतो. म्हणाली, नको. एवढंच. कारणसुद्धा सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर.
चर्च कट. उदयसिंहजींनी मेलमध्ये कळवलं. खेळणाऱ्यांना किचकट वाटेल. पोप आता एक बटण आहे. दाबलं की आशीर्वाद, सैन्याचा जोश पाचने वाढतो. बटणाचा रंग मी सुचवायचा आहे.
सोनेरी सुचवला.

२ डिसेंबर.
प्रमोदिनी रोज एकच विचारते, गेलास का मुकुलकडे. सोमवारी मीटिंग, मंगळवारी गाडी पंक्चर. बुधवारी जाणार. नक्की.

३ डिसेंबर, बुधवार.
मॅपवर ट्रॅफिक बघून गेलो नाही.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.
गेलो. अर्धी रजा टाकून. सोबत नानांसाठी संत्री. वाक्यं पाठ केली होती: मुकुल, माझा हेतू तसा नव्हता. मुकुल, मला माफ कर. दुसरं वाक्य रस्त्यात सुचलं.
दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, मुकुल भिया की नई नौकरी लगी है, गोदाम में, सुबह आठ से रात आठ. बघायला येणाऱ्या बाई? वो तो एक बजे चली जाती है.
अडीच वाजले होते.
जाळीच्या खिडकीतून नाना दिसले. पलंगावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. समोर स्टुलावर झाकलेलं ताट. मी हाक मारली तर खुश होऊन खिडकीशी आले. कोण भिया, म्हणाले, अंदर नाही येता येणार, ताला आहे.
मी म्हटलं, नाना, जेवून घ्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसले. मी तीनदा सांगितलं. हाताने खूण करून दाखवली. खिडकीतून माझा हात स्टुलापर्यंत पोचत नव्हता. संत्रं सोलून जाळीतून एकेक फोड आत दिली, तेवढ्या त्यांनी खाल्ल्या.
मग जाळीजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाले, मुकुल येईलच आता. रोज येतो मला भरवायला, ऑफिसातून गुपचूप. कुणाला सांगू नका हं.
मी म्हटलं, नाही सांगणार.
त्यांनी विश्वास ठेवला आणि दाराकडे तोंड करून बसले.