'पळाली' कुणी लिहिलं?

मंगळवार, संध्याकाळ, बारामती

इंदापूरकडच्या मुलींच्या बालगृहात आज प्रशिक्षण दिलं. मूल बेपत्ता झालं तर कर्मचाऱ्यांनी आधी काय करायचं, हा विषय. सरावासाठी त्यांच्याच रजिस्टरमधली जुनी नोंद घेतली: 'मुलगी पळाली.' सगळ्यांनी पटापट उत्तरं दिली. पोलिसांना कळवायचं, फोटो द्यायचा, एसटी स्टँड बघायचं. मी खूश.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकाच्या मावशी दारातच थांबल्या.

"पळाली न्हाय म्याडम ती. कारखान्याचा भोंगा वाजला म्हणून गेली. आई ऊसतोडीच्या टोळीत हाय तिची. भोंगा वाजला की आई येती, एवढंच त्या लेकराला ठावं."

नोंदीत पुढं बघितलं तर खरंच, ती सापडली होती कारखान्याजवळ, तोडकऱ्यांच्या कोप्यांपाशी, त्या पाचटाच्या झोपड्यांपाशी. पण दोन दिवसांनी! दोन दिवस हे सगळे स्टँडवर शोधत होते.

"मग मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला कुणी इचारलंच न्हाय."

तिथल्या अधीक्षिकाबाईंचा इतका राग आला मला, मावशींना साधं विचारलंही नाही म्हणून. येताना गाडीतही तोच धुमसत होता. घरी येऊन मूल बेपत्ता झाल्यावर भरायचा माझा छापील तक्ता काढला, सगळ्या बालगृहांना मीच दिलेला. पहिलाच रकाना: 'पळून गेल्याची वेळ.' म्हणजे 'पळाली' हा शब्द माझाच की! आणि मावशींना वर्गात तरी कुठं बसवलं होतं मी? त्यांना चहाचं सांगितलं होतं.

रकाना खोडला. वर लिहिलं, 'कुणाकडे गेली असेल?'

त्याखाली अजून एक ओळ: 'स्वयंपाकघरात विचारलं का?'