झोर्नित्साच्या टेस्टचा सूड

२ एप्रिल, लोवेच, बल्गेरिया
“अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या आजोबांनो! शाळा आपल्या नातवंडांना कमी लेखते आणि आपण सूप ढवळत बसतो!” भाषणाची सुरुवात झकास. निमित्त: शाळेतल्या स्पीच थेरपिस्ट तिहोमिरोवा बाईंनी माझ्या आठ वर्षांच्या नातीची, झोर्नित्साची, टेस्ट घेतली. पत्ते आधी रंगाने लावायचे, मग एकदम आकाराने. म्हणे, हुशार आहे, फक्त नियम बदलला की एखादा क्षण जास्त लागतो. वर मला म्हणाल्या, “आजोबा, तिची वाक्यं तुम्ही पुरी करू नका.” तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर भाषणं ठोकलेल्या माणसाला! सूड घेणार.

३ एप्रिल
मुख्याध्यापिकेकडे तक्रार दिली. सात पानं. मागणी एकच: बाईंना काढा. माझी मुलगी नेवेना म्हणाली, “बाबा, झोर्नित्सा वर्गात गप्प असते, बाईंच्या तासालाच काय ती बोलते. तो तास घालवू नका.” भोळी आहे. सुनावणी २४ ला.

५ एप्रिल, सकाळ
प्रॅक्टिस सुरू. आपण बल्गेरियन “हो”ला मान आडवी हलवतो, “नाही”ला खालीवर. मी शिटी वाजवली की बाकी युरोपसारखं, उलट. पुन्हा शिटी, पुन्हा आपलं. नात हे सुनावणीत करून दाखवेल. बाईंचं तोंड काळं!

५ एप्रिल, दुपार
झोर्नित्सा जरा थांबते, पण चुकत नाही. मी नऊदा चुकलो. शिटी सदोष आहे.

११ एप्रिल
पाववालीने विचारलं, “आजोबा, कालचे पाव चालतील?” मी मान आडवी हलवून ठणकावून नकार दिला. तिने चार शिळे पाव पिशवीत कोंबले. बाईंना सामील दिसते. झोर्नित्सा पोट धरून हसली. म्हणाली, “आजोबा, तुम्ही त-त...” मी म्हणालो, “तरबेज झालो!” तिने मान हलवली. कोणत्या पद्धतीने, ते कळलं नाही.

१८ एप्रिल
शिटी सापडत नाही. नातीवर संशय. असो, मला सरावाची गरजच नाही. आरशासमोर चाळीस मिनिटं भाषण. बाई रडतील.

२४ एप्रिल
मुख्याध्यापिकेने आधीच विचारलं, “दामयानोव आजोबा, तक्रार मागे घेता का?” सगळा तिरस्कार एकवटून मी मान हलवली. आडवी. त्यांनी फाईल मिटली. म्हणाल्या, “मोठं मन लागतं याला.” मी भाषणाला उठलो, तर झोर्नित्सा आधीच उभी. “म-मला बाईंचा तास...” मी म्हणालो, “नकोच!” तिने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. “ह-हवा,” ती म्हणाली. “आ-आजोबांनाही न्या.” सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. कुणीही घाई केली नाही. मला करता आली नाही.

२७ एप्रिल
तासाला मीही बसलो. बाई म्हणाल्या, “आता आकार.” मी रंगच लावत राहिलो. झोर्नित्सा वाट बघत राहिली. माझा एकही पत्ता तिने स्वतः उचलला नाही. सूड तूर्त स्थगित. संध्याकाळी जेवताना तिने सलग सात वाक्यं सांगितली. सहा माझ्या चुकांबद्दल. सातवं अडलं तेव्हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. गिळला. निघाला असता चुकीचाच.
आजोबांनो, आज जेवताना नात अडली तर ओठ मिटा, आणि तिचा शेवटचा शब्द येईपर्यंत उघडू नका.