आठवी ब, झूमवर

१५ जून २०२०, सोमवार
आजपासून शाळा झूमवर. पेणमधल्या सगळ्या शिक्षकांत मीच सर्वात तयार होतो, असं माझं प्रामाणिक मत. वय सत्तावन्न. रिटायरमेंटचं शेवटचं वर्ष. पण टेक्नॉलॉजीला वय नसतं.
आठवी ब, पट बेचाळीस, हजर अडतीस. विषय गणित. सुरुवातीला फार कलकल. मग एक बटण सापडलं. दाबलं की अख्खा वर्ग म्यूट! तेहतीस वर्षं ज्यासाठी घसा फोडला, ते एका बटणात. चाळीस मिनिटं कोणीही मध्ये बोललं नाही. कोरोना वाईटच, पण शिस्तीच्या दृष्टीने काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

२९ जून
हजर एकतीस. बाकीच्यांचं नेटवर्क.
संकल्प: १) पाचला उठणे. २) गच्चीवर पन्नास फेऱ्या. ३) रोज पाच पालकांना फोन.
आमची सौ. विमल म्हणाली, आधी भाजी धुऊन द्या. मेथीची जुडी साबणाने धुतली. यावर ती जे बोलली ते लिहीत नाही.

१७ जुलै
सावनी नावाची मुलगी आहे. रामवाडीतून आमच्या घरासमोरून जो रस्ता खाडीकडे जातो, तिकडच्या गावातली. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वहीचा फोटो पाठवते. सगळी गणितं बरोबर. आईवडिलांना फोन करून कौतुक केलं पाहिजे. उद्या नक्की.
फेऱ्या: गुडघ्यामुळे आठ.

६ ऑगस्ट
सावनी चार दिवस गैरहजर. संध्याकाळी मेसेज आला. वडील डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, घरात फोन एकच, तो त्यांच्याबरोबर शिफ्टला जातो. लिहिते, "सर, बाबा सहाला येतात. तवा परत शिकवाल काय?"
मी समजावलं की वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. एकीसाठी बदललं तर उद्या बेचाळीस जण बेचाळीस वेळा मागतील. विमल म्हणाली, सहा वाजता तुम्ही करता काय? सहा वाजता मी बातम्या बघतो. परिस्थितीचं भान नको का ठेवायला?

४ सप्टेंबर
हजर चौदा. गणपतीनंतर मुलं सुस्तावतातच.
उद्या शिक्षक दिन. स्वतःच्या कार्याचं मूल्यमापन केलं. समाधानकारक.
विज्ञानाच्या उमामा मिसनी झूम बंदच केलं म्हणे. वय सत्तावीस, राहतात रोह्याला. वर्कशीटच्या झेरॉक्स काढतात, स्कूटीवर गावोगाव जातात आणि कोणाच्या ओट्यावर, कुठे देवळात, कुठे मदरशाच्या पडवीत मुलं लांब लांब बसवून शिकवतात. विज्ञान तर विज्ञान, गणितही! हेडसर मला म्हणाले, आठवड्यातून दोनदा जाल का त्यांच्याबरोबर? मी गुडघा सांगितला. शिवाय हा काळ डिजिटल. झेरॉक्स म्हणजे मागे जाणं.
सावनी महिनाभर दिसली नाही. तिच्या घरी फोन: उद्या.

१२ ऑक्टोबर
हजर तीन. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा. मैफिलीत दर्दी थोडेच असतात.
पाचला उठण्याचा संकल्प थंडीपर्यंत पुढे ढकलला. थंडीत उठण्यातच खरा कस लागतो.

९ नोव्हेंबर
हजर एक. नाव लावलंय फक्त "रेडमी". मोबाइलचंच नाव ठेवलंय, बदलता आलं नसेल. गरीब घरचा असणार. पण काय निष्ठा! गेला महिनाभर मी सुरू करायच्या आत हजर, संपेपर्यंत हलत नाही. एकही शंका विचारत नाही, म्हणजे सगळं समजतंय. असा एक विद्यार्थी मिळाला तरी शिक्षकाचं सार्थक होतं.
दुपारी स्टाफ मीटिंग. उमामा मिसनी विचारलं, सावनीशी कोणाचा कॉन्टॅक्ट आहे काय? तिच्या घराला कुलूप होतं. मी म्हटलं, फोन लागत नाही. तसा मी अजून लावलेला नाही. पण लागला नसताच.

१० डिसेंबर
लिहू की नको असं झालंय.
रेडमीला सत्रातला आदर्श विद्यार्थी म्हणून प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलं होतं. विमलनेच मागे शिकवल्याप्रमाणे त्याला अनम्यूट केलं आणि म्हटलं, बाळ, तुझं संपूर्ण नाव सांग. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. एक मोबाइलमधून, एक आमच्या स्वयंपाकघरातून.
आत गेलो. विमलचा मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला. ती कणीक मळत होती. मी म्हटलं, हा काय प्रकार? ती म्हणाली, एक दिवस कोणीच आलं नाही, तर तुम्ही पाऊण तास भिंतीला शिकवत होतात, मला बघवेना. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली, दोन महिने एकच मूल येतंय, त्याचं नाव विचारायला तुम्हाला डिसेंबर उजाडला होय?
जेवायला बसलो. आमटी चांगली झाली होती.
मात्र नोंद करणे: तिला आता अ अधिक ब चा वर्ग तोंडपाठ आहे. म्हणजे माझ्या शिकवण्यात दोष नव्हता.

१४ डिसेंबर
सावनीच्या घरी फोन केला. पहिल्या रिंगला उचलला गेला.
वडील होते. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, "कोन सर?" आठवी ब, गणित, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ती नाय इथं. रोह्याला मावशीकडं हाय, सप्टेंबरपासून. मावशी धाटावला कंपनीत पॅकिंगला जाते, तिचं बाळ सांभाळायला कोन नाय. शाळा बंद, मंग पोर घरी बसून काय करंल?" मी शिक्षणाच्या महत्त्वाविषयी बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, तुमच्या मिस बी हेच बोलल्या. दोनदा येऊन गेल्या घरी. आता रोज तिकडं जाऊन शिकवतात तिला."
म्हणजे शाळेतर्फे संपर्क झालेलाच होता. माझा फोन न झाल्याने काही अडलं नाही.
फेऱ्या: शून्य.

२७ जानेवारी २०२१, बुधवार
पाचवी ते आठवीचे वर्ग आज उघडले. पाचला उठलो (अलार्मशिवाय). दोन पानी भाषण लिहून नेलं होतं.
फाटकात थर्मल गन. एकेका बाकावर एकेक मूल. एकवीस आली. उमामा मिस रोह्याहून आल्या, तेव्हा स्कूटीवर मागे सावनी. मावशीने शेजारणीकडे बाळ ठेवायचं कबूल केलंय. त्यासाठी मिसना पाच खेपा घालाव्या लागल्या, असं हेडसर म्हणाले. तोवर पोरीने बाळ मांडीवर घेऊन गणितं सोडवली.
वर्गात शिरलो. तोंडाला मास्क, त्यामुळे मुलं नुसती बघत राहिली. मी "मुलांनो" एवढंच म्हटलं आणि सावनी एकदम आनंदाने ओरडली, "पंखावाले सर!"
सगळा वर्ग हसला. मी विचारलं, म्हणजे काय? तिनेच सांगितलं, "सर, तुमचा मोबाइल उताणा असायचा. आमाला खाली तुमचा आवाज नि वर नुसता पंखा दिसायचा. फळा कधी दिसलाच नाय. आमी रोज ओरडायचो, मोबाइल उभा करा. पण आमी म्यूट ना."
तिला कुणाची चेष्टा करायची नव्हती. खरं तेच सांगत होती. भाषण खिशातच राहिलं.
मधल्या सुट्टीत तिला बाजूला बोलावून म्हटलं, अगं, रोह्याला जाण्याआधी मला एक शब्द तरी कळवायचास. ती गोंधळली. म्हणाली, "कळवलंवतं ना, सर." आणि डबा खायला गेली.
घरी येऊन मेसेज वर वर सरकवत गेलो. सापडला. दोन सप्टेंबर, संध्याकाळी सहा दहा. "सर, मला रोह्याला पाठवतायत. शाळा सुटंल माझी. तुमी एकदा बाबांना सांगाल काय? सरांचं ऐकतील ते."
त्याखाली माझं उत्तर आहे. एक अंगठा.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगठाच आहे.