तीन नंबरची वायर

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा झाली. लोक बंपरला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होतो, मला असलं वरवरचं पटत नाही. गाडीचा जीव इंजिनात असतो. म्हणून बॉनेट उघडून थेट इंजिनालाच हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि नारळ फोडून सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. प्रतिमा म्हणाली, अहो, पाणी आत चाललं. मी म्हटलं, तुला इंजिनातलं काय कळतं. शेजारचे हसले. ती घरात गेली. पुरणपोळी झकास झाली होती.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
गाडी मिसिंग मारते. नीट चालते, मधेच ठेच लागल्यासारखं करते, पुन्हा नीट. पिकअप सत्तावीस वर्षांची आहे, पेट्रोलवाली, पण असं कधी केलं नव्हतं. पेट्रोलमध्ये भेसळ असणार. प्रतिमा म्हणाली, कालच्या पाण्यानं असेल. एकदा हिच्या डोक्यात बसलं की बसलं.
संकल्प: दोष शास्त्रीय पद्धतीने शोधायचा. दोन दिवसांत निकाल.

५ ऑक्टोबर
निकाल नाही. एअर फिल्टर साफ केला. कार्बोरेटर खोलून जोडला. एक स्क्रू उरला, तो कंपनीनेच जास्तीचा दिला असावा.
प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर खोलायला उजेड हवा. घरात चांगला उजेड फक्त खिडकीपाशी, आणि तिथे प्रतिमाचं शिलाई मशीन. त्याच टेबलावर खोलला. गल्लीतल्या छकुलीच्या लग्नाचा ब्लाउज मी बाजूला सरकवला होता, तरी त्याला ऑइल लागलंच. बोटाएवढा डाग. प्रतिमा एक शब्द बोलली नाही. म्हणजे तिला कामाचं महत्त्व पटलं.

७ ऑक्टोबर
प्रतिमा सोनाळ्याला माहेरी गेली. आईचे गुडघे दुखतात म्हणे. जाण्याआधी नवीन कापड आणून छकुलीचा ब्लाउज शिवून दिला. डाग घासून निघाला असता. मी म्हटलं, थांब, गाडी ठीक झाली की सोडून देतो. म्हणाली, तुमची गाडी होईल तव्हा होईल. साडेआठच्या एसटीने गेली. चार दिवसांत येईल. तिला तिकडे करमत नाही.

९ ऑक्टोबर
फोन लावला. सासूबाईंनी, म्हणजे सोजराबाईंनी उचलला. वावरात मिरच्या तोडून राह्यलो होतो जावईबापू, फोन वाजला म्हून पळत आलो, म्हणाल्या. गुडघे सुधारलेले दिसतात. प्रतिमाचे हात पिठात होते, म्हणून ती आली नाही. दुपारी पुन्हा लावला. हात पिठातच. संध्याकाळीही. सोनाळ्यात लोक पोळ्या फार खातात.

१२ ऑक्टोबर
आज मुख्य प्रयोग. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलेंडर कामातून गेलेला. कोपरापर्यंत करंट लागला. पहिल्या वेळी दोष तीन नंबरमध्ये. दुसऱ्या वेळी कशातच नाही. ही गाडी माणूस पाहून वागते.
भाजीत मीठ दोनदा पडलं. घरात शांतता आहे, ती एकाग्रतेला चांगली. फक्त शिलाई मशीनची खडखड नाही, त्यामुळे इंजिन ऐकता ऐकता कान घराकडेच जातात.

१५ ऑक्टोबर
शेवटी जालना रोडवर संघपाल मिस्त्रीकडे गेलो. माझ्याच शाळेतला, प्रॅक्टिकलला कायम उशिरा. मी काढलेली निरीक्षणं त्याने ऐकून घेतली नाहीत. तीन नंबरचा प्लग जिथे बसतो त्या खड्ड्यात टॉर्च मारला. आत गंजलेलं पाणी, झेंडूची पाकळी आणि खोबऱ्याचा तुकडा.
"सर, हे इंजिन हाये का पूजेचं ताट?"
म्हणाला, नारळाच्या पाण्यात क्षार असतात, ते पाणीच करंट खाऊन राह्यलं. ओल धरली की मिसिंग, सुकली की गाडी चांगली. प्लग बदलला, वायर बदलली, हवा मारली. दहा मिनिटं. वर म्हणाला, पूजेच्या वक्ताले काकू जवळ होत्या ना, त्यायले विचारलं असतं तरी समजलं असतं. मी पावसाचा विषय काढला.
एकूण दोष मी तीन नंबरपर्यंत आणून ठेवलाच होता. उद्या सोनाळा. दिवाळीला प्रतिमा घरात.

१६ ऑक्टोबर
गेलो नाही. मागच्या चाकात हवा कमी वाटली.

१७ ऑक्टोबर
हवा भरली. गेलो नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
खामगावपर्यंत गेलो. गाडी उत्तम. स्टँडसमोर चहा घेतला. शेगाव रोडला वळताना मनात आलं, गेलो आणि ती येत नाही म्हणाली तर? पुराव्याशिवाय असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. पुरावा न घेता परत आलो.

१९ ऑक्टोबर
तीन नंबरची वायर थोडी ढिली करून पाहिली, केवळ खात्रीसाठी. मिसिंग सुरू. म्हणजे दोष पूर्ण गेलेला नाही. वायर तशीच ठेवली.
फोन लावला, आज प्रतिमाने स्वतः उचलला. म्हटलं, गाडी अजून ठीक नाही, नाहीतर कधीच आलो असतो. ती म्हणाली, बरं. किती समजूतदार आवाज.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
एक पणती लावली. बाकीच्या माळ्यावर आहेत, कुठल्या डब्यात ते तिलाच माहीत. गाडीला लांबूनच नमस्कार केला.

२४ ऑक्टोबर, दुपारी
प्रतिमा आली! न कळवता, पावणेबाराच्या एसटीने. मी चहा ठेवला, दूध उतू गेलं, तरी तिने प्यायला. उभ्यानेच.
मशीन न्यायला आली आहे. सोनाळ्याच्या घराच्या समोरच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकते. चार बायकांची कामं आलीसुद्धा. पिकअपमधून नेऊन द्या म्हणाली. मी सांगितलं, गाडी मिसिंग मारते, रस्त्यात बंद पडेल, आठवडाभर थांब. तिने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि तीन नंबरची वायर अंगठ्याने दाबली. टक् झालं. माझ्याकडे पाहिलं, पण रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
"आता लावा चालू."
निघतोय.

२५ ऑक्टोबर
काल रात्री परत आल्यावर लिहिलं नाही.
मशीन मीच दोरीने बांधलं, गाठी मुद्दाम वेळ लावून मारल्या. पूर्ण रस्ता इंजिन ऐकत होतो. एक तरी ठेच लागू दे, कुठेतरी अर्धा तास थांबावं लागू दे. खामगाव गेलं, शेगाव गेलं. एकदाही नाही. वरवटच्या पुढे ती म्हणाली,
"एवढा कान देऊन माह्यं एखादं वाक्य ऐकलं असतं तुम्ही."
मी म्हटलं, बोल, आता ऐकतो.
"आता बोलायचं काही राह्यलं नाही."
मशीन सोजराबाईंनी आणि तिने उतरवलं, मला हात लावू दिला नाही. मी विचारणार होतो, परत कधी. विचारलं नाही. तिने करंज्यांचा डबा दिला आणि सावकाश जा म्हणाली. येताना बाजूच्या सीटवर डबा होता. फार वाईट वाटलं, ह्याला दुसरा शब्द नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळी
खिडकीपाशी उजेड चांगला पडतो. फरशीवर मशीनच्या टेबलाच्या पायांचे चार डाग आहेत.
वही पहिल्यापासून वाचली. दोष पहिल्याच पानावर लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. अहो, पाणी आत चाललं.
गाडी चालू केली. बराच वेळ ऐकली. एकदम ठीक आहे. जायचं कुठेच नव्हतं, बंद केली.