भाभीजींचा डबा आणि आमची खतसमिती

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार

ती. कुसुमताईस,

धाकट्या दिनकरचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस? भावजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. आम्ही दोघं प्रकृतीने ठणठणीत आहोत, बाकी ठीक नाही. (फोनच केला असता, पण फोन तुझ्या भावजयीला, वृंदाला, ऐकू जातो.)

आमच्या ब्लॉकमागे ओल्या कचऱ्याचं खत करायचे खड्डे झालेत आणि खतसमितीचा अध्यक्ष मी आहे, हे तुला कळवलं होतं. (दुसरं कोणी तयार नव्हतं, हे तेव्हा सांगायचं राहिलं.) घरोघरी क्वार्टरचा नंबर घातलेल्या हिरव्या बादल्या दिल्या. रोज सकाळी हातमोजे चढवून, काठीने ढवळून मी त्या तपासतो. प्लास्टिक निघतं, सेफ्टी पिना निघतात. पण ताई, दुसऱ्याच्या बादलीत डोकावू नये. कोणाचं वरण करपलं, कोणाचं डाएट दोन दिवसांत मोडलं, सगळं मला आंघोळीआधी कळू लागलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडू लागलं.

समोर राजीवजी राहतात, मूळचे लखनौचे. त्यांच्या बायकोची, म्हणजे भाभीजींची आणि वृंदाची अकरा वर्षांची मैत्री. ती सगळी चालायची एका स्टीलच्या डब्यावर. डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम तुला ठाऊक आहे. तो लखनौतही आहे. त्यामुळे इथून अळूचं फदफदं जायचं, तिथून मोहरीच्या तेलातली भरली कारली यायची, आणि त्या डब्याला मांडणीवर टेकायला कधी सवड झाली नाही. गेल्या महिन्यात मला त्यांच्या बादलीत आमचं फदफदं सापडलं, शेंगदाण्यांसकट, बोटही न लावलेलं. रागावायची सोय नव्हती, कारण शेजारच्या आमच्या बादलीत त्यांची कारली होती.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण त्याच रविवारी समितीची सभा होती, आणि अध्यक्षाला भाषण करायचं होतं. अन्न वाया का जातं, याचं उदाहरण स्वतःच्या घरापासून द्यावं म्हणून मी फदफदं आणि कारली दोन्ही सांगितली, नावांसकट. वर म्हणालो, "देखिए, बर्बादी दोनों तरफ से बराबर है." लोक खूप हसले. पहिल्या रांगेत दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. भाभीजी फक्त "अच्छा, भाईसाहब" म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

तेव्हापासून डबा बंद. दोन्ही घरांचा कचरा इतका घटला की समितीने दोघींना 'आदर्श घर' म्हणून प्रमाणपत्र दिलं. (सही माझीच.) वृंदाने ते डाळीच्या डब्यांखाली अंथरलं. तिच्या ऑपरेशनच्या वेळी याच भाभीजींनी महिनाभर दोन्ही वेळा डाळ-भात पोचवला होता. कारली कोणाला हवी होती गं? पण दार वाजायचं, पाच मिनिटांसाठी आलेली बाई ओट्याला टेकून तासभर बोलायची. आता आमचं दार फक्त कुरिअरवाला वाजवतो. मी चार पोती खत मिळवलं आणि हे घालवलं. मला फार वाईट वाटतं, ताई.

त्यात राजीवजींची बदली झाली आहे, भोपाळला. मार्चअखेर क्वार्टर सोडतील. त्यांचं नाव कोरलेला डबा आमच्या फ्रिजवर पडून आहे. वृंदा तो भरत नाही, आणि रिकामा नेऊन देऊ देत नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर

ता.क. : खरं काम हे. तुझे डिंकाचे लाडू पाठव, तो डबा भरेल इतके, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. डबा घेऊन मी स्वतः समोर जाईन आणि माफी मागेन. दिवाळीत वृंदाने तुझे लाडू त्यांना दिले होते, आणि नंतर त्यांच्या बादलीत एकही दिसला नाही. एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

ता.क. २ : आमच्या बादलीत चार दिसले. दोष लाडवांचा नाही, माझ्या दाढेचा आहे. "फार छान झालेत" असं मी तुला फोनवर सांगितलं, तेव्हा ते खड्ड्यात होते. तरी पाठव.