पाड्यावरच्या शाळेची जागा

जव्हार, रविवार

प्रिय हर्षू,

काल टीव्हीवर पालघरचा तुमचा धरण्याचा मंडप दाखवला. डोक्याला ओढणी गुंडाळून, शेजारच्या मुलीच्या खांद्यावर टेकून बसली होतीस. मी उगाच टीव्हीच्या जवळ जाऊन उभी राहिले. वेळेवर जेवतेस ना? इथे माझं चित्त थाऱ्यावर नाही. कपाटं आवरायला काढते आणि तशीच टाकते.

वसईच्या बोर्डिंगात आमच्या सिस्टर म्हणायच्या, तुम्ही अभ्यास करा, बाकी देव बघेल. माझं खरंच तसं झालं. डी.एड. संपलं आणि पावसाळा सरायच्या आत मोखाड्याची ऑर्डर हातात. कायमची नोकरी, आता पेन्शन, हे घर. सगळं माझ्या हुशारीचं फळ असं मी कितीतरी वर्षं समजत होते. तू तर माझ्याहून हुशार. पात्रता परीक्षा पास होऊनही ठाण्यात शिकवण्या करत भरतीची वाट बघतेस. मामा म्हणाला, आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. मी म्हटलं, दादा, आपल्याला चिकाटी लागलीच कुठे? तेव्हापासून त्याचा फोन नाही.

मागच्या बाजाराला ठकी आली होती. वांगणीच्या पुढच्या पाड्यावरची. तिची रविना माझ्या वर्गात होती. ठकी आता आजी झाली. ओट्यावर बसून चहा प्याली नि म्हणाली, "बाई, पेन्शन खाऊन जाडी झालीस तू." ती सगळ्यांनाच 'तू' म्हणते, कलेक्टरलाही म्हणेल. मग पाड्याचं सांगू लागली. शाळेत मास्तर नाही. दिवाळी झाली की पाडा वीटभट्टीवर निघतो. तिथली रीत तुला ठाऊक आहे. शाळेत शिक्षक असेल तर पोरं आजीपाशी राहतात, नसेल तर आईबापांबरोबर भट्टीवर जातात. एकदा विटा उचलायला लागलेलं पोर वर्गात परत आलेलं मी फार कमी पाहिलं. "मास्तर नाय तं पोरां नेतील," ठकी म्हणाली, "न मी एकलीच पाड्याव."

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. निवृत्तांना मानधनावर घेताहेत, मॅडम, तुमचं नाव देऊ? म्हणजे तुम्ही मंडपात ज्याच्याविरुद्ध बसला आहात, तेच. मी म्हटलं, माझ्या मुलीसारख्या कितीजणी पात्र आहेत, त्यांना घ्या. ते म्हणाले, भरती निघेल तेव्हा निघेल, पोरं तोवर थांबणार आहेत का? राग आला, पण ठकीचं बोलणं आठवलं. पेन्शनवाली बाई सरकारला स्वस्त पडते आणि तुला घ्यायचं तर जन्मभरासाठी घ्यावं लागतं, एवढं मलाही कळतं.

मी होकार दिला आहे, हर्षू. उद्या सकाळच्या जीपने पाड्यावर जाते. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून लिहिते आहे. फोनवर मला बोलता आलं नसतं. माझ्यावर रागव, पण मंडपातून उठू नकोस. 'निवृत्तांना घरी पाठवा' म्हणताना आई आठवली तरी आवाज खाली आणू नकोस. जरा जोरातच म्हण. मला लवकर घरी यायचं आहे.

रागावलीस तरी तुझीच,
आई